अद्ययावत : विद्यापीठाच्या कॅलेंडरपासून विभागाच्या संकेतस्थळापर्यंत

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आमच्या मराठी विभागातून २००५ साली एम.ए. झाली. लग्नानंतर परदेशात गेली आणि आता तिथल्या एका शाळेत शिक्षिकेच्या नोकरीसाठी तिचे प्रयत्न चालले होते. पदवीची समकक्षता ठरवणाऱ्या तिथल्या कार्यालयाने तिची गुणपत्रिका मान्य केली होती. पण आणखी एक कागद मागितला होता. ती ज्या दोन वर्षांत शिकली, त्या वर्षांचा प्रत्येक अभ्यासपत्रिकेच्या तपशिलासह अभ्यासक्रम.

"मॅडम, विभागाच्या वेबसाइटवर पाहिलं. तिथे फक्त आत्ताचा अभ्यासक्रम आहे. आमचा कुठे गेला?"

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते. तो मीच काढायला सांगितला होता. काही वर्षांपूर्वी विभागाच्या संकेतस्थळ समितीचे काम माझ्याकडे होते. नॅकची भेट तोंडावर आली होती. संगणक विभागातला एक तरुण आमची पाने नीट करायला आला, तेव्हा त्याने विचारले होते, "जुन्या फाइली ठेवायच्या का?" मी म्हणाले होते, "कशाला? नवा अभ्यासक्रम लागू झालाय. पान अद्ययावत दिसलं पाहिजे." त्याने मान डोलावली आणि एका दुपारीत विभागाची पंधरा वर्षे पुसली गेली. कोणी तक्रार केली नाही. उलट समितीच्या अहवालात 'संकेतस्थळ अद्ययावत आहे' असे एक चांगले वाक्य आले.

त्या फोनमुळे मी एका शोधाला लागले. आधी त्या अभ्यासक्रमाच्या आणि मग या प्रश्नाच्या, की विद्यापीठे स्वतःविषयीची माहिती आजवर कशी देत आली, ती कशी बदलत आली आणि बदलताना जुन्याचे काय करत आली.

पाठीवर साल असलेले पुस्तक

विद्यापीठाने स्वतःची माहिती दरवर्षी एका पुस्तकात छापावी, ही प्रथा इंग्लंडातली. केंब्रिज विद्यापीठाचे कॅलेंडर १७९६ पासून आणि ऑक्सफर्डचे १८१० पासून निघू लागले. इथे कॅलेंडर म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका नव्हे. सत्राच्या तारखा त्यात असत, पण त्या थोड्या पानांत आटोपत. उरलेल्या जाड पुस्तकात विद्यापीठाचा कायदा, नियम, पदाधिकारी, परीक्षा, पारितोषिके आणि पदवीधरांच्या याद्या असत.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. शिकवणारे विभाग विद्यापीठात नव्हतेच. अशा संस्थेचे सारे अस्तित्व नियमांत आणि याद्यांत असते. त्यामुळे मुंबई विद्यापीठाचे कॅलेंडर हे एका अर्थी विद्यापीठच होते. सिनेटने नियम बदलला की पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात तो बदललेला दिसे. कोणाला कोणत्या विषयात पदवी मिळाली, कोणी किती रुपयांची देणगी देऊन कोणते पारितोषिक ठेवले, त्या वर्षी प्रश्न काय विचारले, हे सारे त्यात सापडे.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. आज आपण त्यांतल्या पहिल्या दोघांना न्यायमूर्ती आणि डॉक्टर म्हणून ओळखतो. कॅलेंडरातल्या यादीत मात्र ते परीक्षा उत्तीर्ण झालेले चार तरुण आहेत. पुढची पन्नास वर्षे दरवर्षी यादी लांबत गेली, पण ही चार नावे तिच्या आरंभी राहिलीच. यादी अद्ययावत करायची म्हणजे खाली भर घालायची, वरचे खोडायचे नाही, हा त्या पुस्तकाचा न बोललेला नियम होता.

दुसरा नियम त्याहून साधा होता. पुस्तकाच्या पाठीवर साल असे. नवे कॅलेंडर आले म्हणून जुने कोणी रद्दीत देत नसे. ते ग्रंथालयाच्या फडताळात त्याच्या शेजारी जाऊन बसे. ग्रंथपालाला त्यासाठी वेगळी योजना करावी लागली नाही. कागद आणि बांधणी यांनीच ती करून ठेवली होती.

दोन कॅलेंडरांच्या मधली फट

इतिहासाच्या अभ्यासकाला एका कॅलेंडरातून जे मिळते, त्याहून अधिक दोन कॅलेंडरे शेजारी ठेवली की मिळते. मराठी भाषेचेच उदाहरण घ्या. सुरुवातीच्या नियमांत पदवीच्या परीक्षांना देशी भाषांना वाव होता. १८६० च्या दशकातच तो काढून घेण्यात आला आणि ती जागा संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषांना मिळाली. मॅट्रिकच्या वर मराठीला दार बंद झाले. ते उघडावे म्हणून रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सिनेटमध्ये आणि सिनेटबाहेर प्रयत्न केले.

आता कल्पना करा, की त्या काळी कॅलेंडर नसून एक संकेतस्थळ होते आणि भाषाविषयांच्या यादीतून कोणीतरी 'मराठी' ही ओळ काढली. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला यादी पूर्ण आणि नीटनेटकी दिसेल. तिच्यात काही नाही हे कळायला काही होते हे आधी ठाऊक असावे लागते. वगळलेल्या गोष्टीची जागा छापील पुस्तकांच्या ओळीत रिकामी दिसते. संकेतस्थळावर ती जागाच उरत नाही.

तशीच दुसरी गोष्ट एका सर्वनामाची. विद्यापीठाच्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख पुल्लिंगी होता आणि तेवढ्या आधारावर परीक्षा फक्त पुरुषांसाठी, असा अर्थ लावता येत होता. १८८३ साली सिनेटने ठरवले की नियमांतली पुल्लिंगी सर्वनामे स्त्रियांनाही लागू समजावीत. इमारत वाढली नाही की नवा विषय आला नाही. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि निम्म्या समाजासाठी फाटक उघडले. त्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री ठरल्या. हा बदल किती मोठा, हे त्याआधीचे वाक्य उपलब्ध असेल तरच समजते. नुसते नवे वाक्य वाचणाऱ्याला वाटेल, असे तर असायचेच.

कॅलेंडरचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते इंग्रजीत होते. सामान्य विद्यार्थी ते विकत घेत नसे. खेड्यातून आलेल्या मुलाला परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो, हे कळायला त्या जाड पुस्तकाचा उपयोग नव्हता. तो कोणा मोठ्या भावाला किंवा मास्तरांना विचारी. छापल्यानंतर आठ दिवसांनी बदललेला नियम वर्षभर चुकीचाच राही. माहिती टिकवण्यात ते पुस्तक तरबेज होते. ती लोकांपर्यंत पोहोचवण्यात नव्हते.

विद्यापीठांत शिकवणारे विभाग आले ते विसाव्या शतकात. १९०४ च्या कायद्याने तशी वाट करून दिली. मुंबईत १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवला गेला. १९४९ साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठात विभाग आरंभीच्या काळापासूनच होते. मग विभागांच्या स्वतःच्या माहितीपुस्तिका आल्या. पातळ, स्वस्त, कधी चक्रमुद्रित, पण मराठीतसुद्धा. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत एक ओळ हमखास असे : अमुक सालच्या जूनपासून लागू. त्या एका ओळीचे मोल मला फोन येईपर्यंत कळले नव्हते.

पहिलेच पान पुसले गेले

मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एक प्रस्ताव मांडला. सर्नमध्ये जगभरचे शास्त्रज्ञ येत, दोन-चार वर्षे काम करत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर माहितीही जाई. कोणते यंत्र कोणी जोडले, कोणती आज्ञावली कोणी लिहिली, हे सांगणारा माणूसच उरत नसे. म्हणजे जाळ्याचा, वेबचा, जन्मच मुळी संस्थेची आठवण हरवू नये या गरजेतून झाला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे नेमके उलटे घडले.

१९९० च्या अखेरीस पहिले संकेतस्थळ त्यांच्या नेक्स्ट संगणकावर चालू झाले. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर चिकटवलेली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची वार्ता बाहेरच्या जगाला मिळाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले.

या घटनेला वीस वर्षे झाली तेव्हा, २०१३ मध्ये, सर्नने पहिले संकेतस्थळ पुन्हा उभे करायचे ठरवले आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. पहिल्या दिवशीचे पान सर्नकडेच नव्हते. ते कोणी चोरले नव्हते किंवा जळले नव्हते. त्यावरचा मजकूर वेळोवेळी सुधारला गेला होता, आणि प्रत्येक सुधारणा आधीच्या मजकुरावरच केलेली होती. सर्नने शेवटी १९९२ सालची प्रत मूळ पत्त्यावर ठेवली. जगातल्या पहिल्या संकेतस्थळाचा आरंभीचा मजकूर अद्ययावत करण्याच्या नादात हरवला, हे वाचल्यावर माझ्या अपराधाला निदान मोठी सोबत मिळाली.

अक्षरे होती, वाचता येत नव्हती

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतर विद्यापीठांची संकेतस्थळे आली आणि हळूहळू विभागांची पाने. मराठी विभागांसमोर एक अडचण इंग्रजी किंवा भौतिकशास्त्र विभागांना नव्हती ती होती. मराठी लिहायचे कशात?

युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला स्थान मिळाले होते. आपल्याकडे त्याच वर्षी इस्की हे भारतीय प्रमाणकही ठरले. पण विभागाच्या टेबलावरच्या संगणकावर यांतले काही पोहोचले नव्हते. तिथे श्रीलिपी होती, कृतिदेव होता. या फाँटांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच असे. फक्त रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती दिसे. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तिथे 'मराठी विभाग' या शब्दांऐवजी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरे यांची खिचडी उमटे. जुनी विभागीय पाने आज उघडली तर पुष्कळदा हेच दिसते. मजकूर आहे, पण मोडीपेक्षा दुर्बोध. मोडी निदान शिकता येते.

यावर विभागांनी एक घरगुती उपाय काढला. छापील कागद स्कॅन करायचा आणि त्याचे चित्र चढवायचे. तंत्रज्ञ त्याला हसत, कारण चित्रातला शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला तो ऐकताही येत नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण वीस वर्षांनंतर त्या काळातले जे काही वाचता येते, त्यात ही चित्रेच जास्त आहेत. कारण त्यांत कागद जसाच्या तसा आला : सही, शिक्का, जावक क्रमांक आणि साल यांसकट.

कोण बदलतो, केव्हा बदलतो

विभागाचे संकेतस्थळ कसे चालते, हे ज्याने आतून पाहिले आहे त्याला पुढचे चित्र ओळखीचे वाटेल. संगणक येणारा एखादा तरुण शिक्षक हौसेने पाने तयार करतो. पासवर्ड त्याच्याकडे असतो. तो दुसरीकडे जातो, पासवर्डही जातो. मग तीन वर्षे काही हलत नाही. निवृत्त झालेले प्राध्यापक विभागप्रमुख म्हणून दिसत राहतात, आणि आठ वर्षांपूर्वीच्या चर्चासत्राची सूचना लुकलुकत राहते. मग निरोप येतो, नॅक येतेय. आठवड्याभरात सारे बदलते आणि बदलताना सरसकट पुसले जाते. साचणे आणि पुसणे ही दोनच रूपे आपल्याला माहीत आहेत. दरवर्षी थोडे थोडे जोडत जाण्याची सवय कॅलेंडरबरोबर गेली.

१९९४ साली स्थापन झालेल्या नॅकने संस्थांना स्वतःची माहिती उघडपणे मांडायला लावले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करायची आपली सवय संस्थांनाही लागली.

कायद्याची अपेक्षा वेगळी आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे चौथे कलम सार्वजनिक विद्यापीठांनाही लागू होते. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत १७ प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा आणि पुढे दरवर्षी ती अद्ययावत करा, असे ते सांगते. हे दुसरे वाक्य बहुतेकांना पाठ असते. त्याच कलमाचा पहिला भाग कमी वाचला जातो. अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ते नीट जपावेत, असे तिथे म्हटले आहे. जपा आणि अद्ययावत करा, ही दोन कामे कायद्याने एकाच कलमात शेजारी ठेवली. आम्ही दुसरे केले आणि त्यासाठी पहिले मोडले.

सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ साली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हा विचार आहे. मजकूर कोण देईल, कोण तपासेल, कोण मंजूर करेल हे ठरवा. तो किती काळाने पुन्हा पाहायचा ते ठरवा. आणि मुदत संपलेला मजकूर अभिलेखात केव्हा हलवायचा तेही ठरवा, असे ती सांगतात. 'हलवायचा' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. पुसायचा नाही, हलवायचा.

कोणतेही विभागीय पान नीट पाहिले तर त्यावरच्या मजकुराची आयुष्ये निरनिराळी असतात. परीक्षेच्या सूचनेचे आयुष्य आठ दिवसांचे. वेळापत्रकाचे एका सत्राचे. शिक्षकांची यादी कोणी आले-गेले की बदलते. अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतो, पण त्याखाली शिकलेल्यांना तो चाळीस वर्षांनीही लागतो. पीएच.डी. प्रबंधांची यादी तर कधीच जुनी होत नाही, फक्त वाढते. या सगळ्यांना एकच झाडू लावणे म्हणजे घर झाडताना देव्हारा आणि केर एकाच सुपलीत भरणे. आम्ही तेच केले होते.

माथ्यावरचे नाव

पुसणे निदान लक्षात येते. दुसरा एक बदल लक्षातही येत नाही. संकेतस्थळाचा माथा, म्हणजे वरचे नाव आणि बोधचिन्ह, एका ठिकाणी बदलला की सगळ्या पानांवर एकदम बदलतो. सोय म्हणून ही उत्तम रचना आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती धोक्याची आहे.

१९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. नाव प्रत्यक्षात मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाला. त्या सोळा वर्षांतली गुणपत्रिका, माहितीपुस्तिका, साधे पत्रशीर्षक हा त्या लढ्याचा पुरावा आहे. नाव मिळालेले नव्हते, हेच तो कागद सांगतो. समजा त्या काळातला एखादा अभ्यासक्रम आज नव्या माथ्याखाली चढवला आणि साल लिहायचे राहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की हे नाव तेव्हाही होतेच. ज्यांनी त्यासाठी किंमत मोजली, त्यांची किंमत एका माथ्याखाली झाकली जाईल. नाव बदलले ते योग्यच झाले. म्हणूनच ते केव्हा बदलले, हे पानावर दिसले पाहिजे.

साल नसलेली तारीख

मराठीच्या अभ्यासकाला तारखेचे दुखणे नवे नाही. पेशवेकालीन पत्रव्यवहारात अशी असंख्य पत्रे आहेत ज्यांवर महिना आणि चंद्राची तारीख आहे, पण साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते. ते कशाला लिहायचे? १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून कित्येक संशोधकांची उमेद या कोड्यात खर्च झाली आहे. पत्रात उल्लेख आलेली स्वारी, कोणाचा मृत्यू, पावसाची बातमी यांवरून साल ठरवायचे. दोन-चार वर्षांची चूक झाली की कार्यकारणभाव उलटा होतो.

विभागाच्या पानावर 'दि. १२ जुलै रोजी प्रवेश परीक्षा होईल' असे वाचले की मला ती पत्रे आठवतात. कोणत्या सालचा १२ जुलै? काही पानांवर तर 'शेवटचा बदल' या शब्दांपुढे संगणक आपोआप आजचीच तारीख दाखवतो. दहा वर्षे हात न लागलेले पान रोज सकाळी ताजे होते. आमचे पूर्वज साल लिहायला विसरत, पण खोटे लिहीत नसत.

ही झीज आपल्यापुरती नाही. २०१४ साली हार्वर्डच्या विधी अभ्यासकांनी दाखवून दिले, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेले सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नाहीत. २०२४ मध्ये प्यू संशोधन केंद्राने सांगितले, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह सुरू केले आणि २००१ पासून त्यातला जुन्या पानांचा साठा सर्वांना पाहता येऊ लागला. मीही तिथे धावले. आमच्या विभागाचे पान सापडले. त्यावर 'अभ्यासक्रम' असा दुवाही होता. तो दाबला, तर आतली फाइल जपली गेलेली नव्हती. परक्याने केलेली मेहरबानी ही आपली व्यवस्था होऊ शकत नाही. खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले होते, की चांगले पत्ते बदलत नाहीत आणि पत्त्यात घालायचेच असेल तर निर्मितीचे साल घालावे. पाठीवर साल असलेल्या कॅलेंडरहून हे काय वेगळे आहे?

कपाट

त्या विद्यार्थिनीचा अभ्यासक्रम शेवटी सापडला. विभागाचे निवृत्त शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, मोडक्या कपाटाच्या खालच्या खणात बघा. भाऊसाहेबांनी दर सालची एक पुस्तिका ठेवायला सांगितली होती. मी ठेवत होतो." खणात कसर लागलेल्या सतरा पुस्तिका निघाल्या. त्यांतल्या एकीवर लिहिलेले होते, जून २००३ पासून लागू. कार्यालयातल्या त्या लेखनिकाला संकेतस्थळ म्हणजे काय हे बहुधा नीट माहीत नव्हते. पण एक प्रत ठेवायची असते, हे त्याला माहीत होते आणि मला नव्हते. विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घेऊन प्रत रवाना झाली. दोन महिन्यांनी तिचा निरोप आला, काम झाले.

त्या पावसाळ्यात संकेतस्थळ समितीची बैठक पुन्हा झाली, तेव्हा मी एक पानाचा आराखडा नेला. प्रत्येक मजकुराखाली साल असलेली तारीख आणि तो देणाऱ्याचे पद. अभ्यासक्रमावर तो कोणत्या तुकडीपासून कोणत्या तुकडीपर्यंत लागू, याची ओळ. मुदत संपलेला मजकूर 'जुना' असा शिक्का मारून त्याच पत्त्यावर ठेवायचा. सूचना दर महिन्याला, वेळापत्रक दर सत्राला, शिक्षकांची यादी दर जूनला पाहायची, आणि पाहिली की बदल नसला तरी तशी नोंद करायची. पासवर्ड व्यक्तीकडे नव्हे, पदाकडे. सगळा मजकूर युनिकोडमध्ये. आणि शेवटचे कलम : दर जूनमध्ये सर्व पानांची एक प्रत छापून, बांधून, पाठीवर साल घालून ग्रंथालयात द्यायची. या कलमाला एक तरुण सहकारी हसला. "मॅडम, वेबसाइटची प्रिंट काढायची?" मी म्हणाले, "हो. आणि एक मामांच्या खणात." कलम मंजूर झाले.

या निमित्ताने मी अद्ययावत हा शब्द उलगडून पाहिला. आयुष्यभर वापरलेला शब्द. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. आजपर्यंत. त्यात आज आहे तसा कालही आहे. कालपासून चालत आलेली वाट आजला येऊन मिळते, तेव्हा गोष्ट अद्ययावत होते. कालचे कापून टाकले तर उरते ते फक्त 'अद्य'.

आमच्या पानावर आता 'पूर्वीचे अभ्यासक्रम' असा दुवा आहे. त्याखाली सतरा पुस्तिकांची स्कॅन केलेली चित्रे आहेत आणि मधली चार वर्षे रिकामी आहेत. ती वर्षे आम्ही लिहून ठेवली आहेत आणि पुढे 'उपलब्ध नाही' असे म्हटले आहे, म्हणजे निदान फट तरी दिसेल. दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या माळ्यावर एखादी जुनी माहितीपुस्तिका निघाली, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी तुमच्या विभागाला एक फोन करा. तिथल्या यादीतही अशी रिकामी वर्षे असतील.